हिचं निदान मी केलं

४ मार्च
आजपासून रोजनिशी. घरात पेशंट आहे. ही महिनाभर पलंगावरून उठत नाही, केस विंचरत नाही, दुकानात काउंटरवर येत नाही. काल रात्री बसून व्हिडिओ पाहिले. निदान: डिप्रेशन. सगळी लक्षणं तंतोतंत. इतकी वर्षं लोकांना चष्मे लावतोय, माझी नजर चुकत नाही.

५ मार्च
थोरल्या मेहुणीचा फोन. भावजी, तिला डॉक्टरकडे न्या. कॉलेजात असताना ही आठवडाभर झोपलीच नव्हती, सारखी बडबडत होती, तेही त्यांना सांगा. म्हटलं, परीक्षा असेल. बायकांना पाल्हाळ फार.

८ मार्च
दुकानाशेजारच्या टेलरला हाच त्रास होता. त्याच्या घरून उरलेल्या गोळ्या आणल्या. एक्स्पायरी बघून घेतली, मी काही बेजबाबदार नाही. ही म्हणाली, भीती वाटते. म्हटलं, भीती हेही लक्षणच. गिळली. आता रोज एक.
संकल्प: रोज संध्याकाळी हिच्याशी अर्धा तास प्रेमाने बोलायचं.

९ मार्च
मॅच होती. उद्यापासून.

२१ मार्च
यश! ही उठली. अंघोळ, लिपस्टिक, गाणी म्हणत सगळी कपाटं धुतली. टेलरला ऐकवलं, तुमच्या डॉक्टरला सहा महिने लागले, मला दोन आठवडे. तो विचारतो, झोपतात का वहिनी? मला काय माहीत? हिला माझं घोरणं सोसत नाही, मी हॉलमध्ये झोपतो.

२४ मार्च
मेहुणीला फोन करून आनंदाची बातमी दिली. म्हणाली, आजच्या आज डॉक्टरकडे न्या. हेवा, दुसरं काय.
ही आता मोकळी होतेय. आज म्हणाली, तुमच्याइतका निर्बुद्ध माणूस मी जन्मात पाहिला नाही. किती दिवसांनी पूर्ण वाक्य बोलली.

२७ मार्च
हिने दुकानातल्या महागड्या फ्रेम येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटून टाकल्या. मग भर रस्त्यात बस अडवली आणि ड्रायव्हरला खाली उतरवून त्याचे डोळे तपासू लागली. बघे जमले. मीही त्यांच्यातच उभा राहिलो. ओळख दिली नाही. पेशंटची प्रायव्हसी असते.
टेलरने तिला समजावत टॅक्सीत बसवलं आणि हॉस्पिटलला नेलं.

२८ मार्च
डॉक्टर म्हणतात, नुसतं डिप्रेशन नव्हे, बायपोलर. मन खाली गेलेलं असताना दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून पूर्वी कधी ते असं वर गेलं होतं का, हे विचारावंच लागतं. न विचारता तसल्या गोळ्या दिल्या की पेशंट उसळू शकतो. मग मला विचारलं, पूर्वी असं काही झालं होतं का?
म्हटलं, आठवत नाही. शेजारी बसलेल्या मेहुणीने कॉलेजातला तो आठवडा सांगितला.
मी म्हटलं, म्हणजे अर्धं निदान तरी बरोबर होतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि उरलेलं सगळं मेहुणीलाच सांगितलं.

१४ एप्रिल
औषध बदललं. ही शांत आहे. हॉस्पिटलात डबा घेऊन गेलो तर भिंतीकडे तोंड करून पडलेली. तासभर बसलो. मग मेहुणी आली. ही उठून बसली आणि हसली. चांगली खुदकन.
मी धावत नर्सला गाठलं. म्हटलं, पुन्हा वर चाललीय, इंजेक्शन द्या.
नर्सने आत डोकावून पाहिलं. म्हणाली, आजार नाही हो हा. आपलं माणूस आलं म्हणून हसतायत.
मग म्हणाली, वॉर्डात एकालाच थांबता येतं. तुम्ही निघा.
डबा परत आणला. मीच खाल्ला.