मी न लिहिलेलं तिसरं प्रकरण

चि. रविकांत,

काल तुझ्या माणसानं माझ्या पीएच.डी.चं तिसरं प्रकरण टाइप करून आणून दिलं, म्हणून लिहिते आहे. मी ते लिहिलेलंच नाही. त्यात गाई सांभाळणाऱ्या सरजाबाईंची यंदाच्या मार्चमधली मुलाखत आहे. देवणीला त्यांच्या मातीला, शेवटचा निरोप द्यायला, मी त्याआधीच जानेवारीत गेले होते.

कधीकाळी माझा विद्यार्थी होतास, आज मार्गदर्शक आहेस. "म्याडम, बावन्नाव्या वर्षी कशाला राबून राहिल्या? सही करा, प्रमोशन घ्या," म्हणालास. आता तुझ्या स्वतःच्या प्रबंधाचाही मला संशय येतो. गाई सांभाळणाऱ्या बायकांचं म्हणणं नीट मांडता यावं, म्हणून मी या वयात पुन्हा शिकायला आले. तुझ्या हाताखाली ते खरं राहणार नाही.

उज्वला बिरादार

आज नांदेडला विभागात दिलं: ते प्रकरण आणि मार्गदर्शक बदलाचा अर्ज. पोच घेतली. हे पत्र रविकांतला दिलं नाही.