सगळ्याच येड्या का?

४ ऑगस्ट
पिशवी काढणार म्हणे! सुरेखाची – माझ्या भावजयीची. वय सव्वीस, पदरात एक पोरगी, आणि गर्भाशय काढून टाकायला निघालेत. मायचा सकाळीच गावाकडून फोन. सुरेखाला पोटात कळा यायच्या म्हणून ती तालुक्याच्या दवाखान्यात गेली, तर डॉक्टरनं सांगितलं, ठेवली तर कॅन्सर होणार. पंचवीस तारीखसुद्धा ठरली. दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचं, तोवर टाके भरतील!

काढा नाहीतर मरा. मधलं काही नाहीच. हा तर्कदोष मी दरवर्षी अकरावीच्या फळ्यावर लिहिते. तासिकेवरची का होईना, तर्कशास्त्राची बाई आहे मी. आणि माझ्याच घरात हे.

५ ऑगस्ट
आज वर्गात मुद्दाम पुढचा दोष घेतला – सगळे म्हणतात म्हणून खरं मानणं. मागच्या बाकावरून एकजण उठला. "मॅडम, सगळे कॉपी करतात म्हणून मी पण केली, हा बी दोषच का?" वर्ग हसला. मी हसले नाही. पोरगा ओशाळून खाली बसला, त्याचा काय दोष होता!

९ ऑगस्ट, राखी पौर्णिमा
अंबाजोगाईहून दोन गाड्या बदलून गावी. अजिनाथला राखी बांधली आणि ताटातला पेढा उचलायच्या आतच विषय काढला. घाई झाली. माझं नेहमीचंच.

शेजारची भिवराबाई येऊन बसली होती. तिनं दोन वर्षांपूर्वी काढली. "काढली आन् कंबर थांबली बघ." मी म्हटलं, अगं, ऑपरेशननंतर तीन महिने तू उसाची मोळी उचलली नाहीस, विसाव्यानं कंबर थांबली! तर म्हणते, "मंग तसं का होईना, थांबली न्हवं?"

मी म्हणाले, आळीतल्याच ताराबाईनंही काढली होती. तिशीतच घामाघूम होते, हाडं दुखतात, उठवत नाही. तर माय म्हणाली, "तिचं नशीब." म्हणजे भिवराबाई बरी झाली ती पिशवी काढल्यामुळे, ताराबाई बिघडली ती नशिबामुळे. असा हिशेब मांडला तर डॉक्टर जन्मात चुकायचा नाही!

"आपल्या आळीत किती जणींनी काढली," माय म्हणाली. "सगळ्याच येड्या का?"

अजिनाथ राखीची गाठ घट्ट करत होता. मग एकदम – "आक्का, तू डॉक्टर हाय का?"

सुरेखा चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. मी तिला विचारलं, तुझं काय म्हणणं? तिनं मान वर केली नाही. "काढायचीच हाय, आक्का. कॅन्सर झाल्यावर कोण बघणार?" एवढंच. तिची लेक संस्कृती तिच्या पाठीला लोंबकळत होती. जाऊबाई नाही, घरचं सगळं हिच्यावर. हिलाच कसं कळत नाही!

१२ ऑगस्ट
आज शिकवलं नाही, पोरांना पुस्तक उघडून वाचत बसवलं.

१९ ऑगस्ट
काल हट्टानं सुरेखाला अंबाजोगाईला आणलं. आज ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं, सोनोग्राफी केली. पिशवी चांगली आहे. थोडा जंतुसंसर्ग, पंधरा दिवसांच्या गोळ्या. "ही काढायला कोणी सांगितलं?" बाई चिडल्याच. मला रस्त्यात नाचावंसं वाटलं. सुरेखाला रसवंतीत नेलं तर तिनं ग्लास तोंडाला लावला नाही. "उसाचा वास बी नको वाटतो," म्हणाली. मग मीच दोन्ही प्यायले, आनंदात!

दुपारच्या गाडीनं ती गावी गेली. संध्याकाळी अजिनाथचा फोन. "त्या बाईची मशीन जुनी आसंल." मशीन जुनी! ज्यानं नुसता हात लावून कॅन्सर सांगितला, त्याच्याकडे कोणती मशीन होती, ते कुणी विचारत नाही. भीती घालणारा हुशार, धीर देणारा अडाणी. मी फोनवर ओरडले. तो म्हणाला, "तू लई शिकली, पर तुला जीव जायची भीती कळंना." मग मी बरंच काही बोलले. ते लिहीत नाही.

सुरेखानं त्याच्याकडून फोन घेतला. "आक्का, एक म्हणतो हाय, एक म्हणते न्हाई. मंग काढलेली बरी." गोळ्यांचं पाकीट ती इथंच उशीखाली विसरून गेलीय.

२२ ऑगस्ट, पोळा
सणाला गावी आले आणि आज मी नीचपणा केला. बाकी काही चालेना म्हणून मायला बाजूला घेऊन म्हणाले, पिशवी गेली तर नातू कुठून आणशील? वंशाचा दिवा! हा शब्द माझ्या तोंडून! ज्या बोलण्याचा मी जन्मभर राग केला, तेच हत्यार उचललं. वाटलं, खोट्या युक्तिवादानं का होईना, जीव वाचेल.

माय बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावत होती. नातवासाठी ती किती देवांना नवस बोललीय ते मला माहीत आहे. बोटावरचा हिंगूळ पदराला पुसून म्हणाली, "नातू नको मला. सून जगू दे."

मी गोठ्यात जाऊन रडले. मायचं मन इतकं चांगलं, आणि ते एका लबाडाच्या एका वाक्यावर टांगलेलं! चांगलं मन असून उपयोग काय?

२३ ऑगस्ट
हरले. पोरं दोषांची नावं पाठ करतात, पेपरात लिहितात, पैकीच्या पैकी घेतात. मी त्यांना शिकवते की चूक दाखवली की माणूस थांबतो. कुठे थांबतो? उलट ज्यानं दाखवली त्याचाच राग करतो. पालथ्या घड्यावर पाणी – आणि घडा परका असता तर सोडून दिलं असतं. आठ वर्षं मी हे काय शिकवलं कोण जाणे. अजिनाथ माझ्याशी बोलत नाही. सुरेखाकडे बघितलं की मलाच तिचा राग येतो. इतकी मठ्ठ कशी ही! असं लिहिताना लाज वाटते, पण वाटतं खरं.

२५ ऑगस्ट
सकाळी तिला आत नेलं. मी अडवलं नाही.

काल ओढ्यावर धुणं धुताना आपणहून बोलली. "आक्का, कॅन्सरचं घरी सांगा म्हणून डॉक्टरला मीच म्हणले. मागल्या साली हे उसाच्या फडावर गेले की मुकादमाचा पुतण्या आमच्या पाचटाच्या कोपीत शिरायचा. यंदा बी पैशाची उचल त्याच मुकादमाकडनं घेतलीय, गेल्याबिगर सुटका न्हाई. ह्यांना सांगावं तर हे कोयता घेऊन जातील आन् जन्माचे जेलात. पोरं बंद करायचं आपरेशन म्हणलं तर माय नातवापायी करू देणार न्हाई. कॅन्सर म्हणलं की सगळे गप. तो तर यायचाच. पिशवी नसली तर निदान त्याचं पोट तरी राहायचं न्हाई."

तीन आठवडे मी हिला पटवत होते. का काढायची, एवढं विचारलं नाही.

दवाखान्याच्या बाकावर बसलेय. तिचं बोलणं पहिल्या शब्दापासून पुन्हा पुन्हा तपासतेय. एकही दोष सापडत नाही.