तिसऱ्या प्लगची वायर

बाबा,

तुमचा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. तुम्ही सांगितलंत तसं गाडीच्या गिअरबॉक्सचं ऑइल बदललंय. जुनं अगदी स्वच्छ निघालं. दोन महिन्यांपूर्वीच तर बदललं होतं आपण.

इंजिन थरथरत होतं ते तिसऱ्या प्लगची वायर निघाल्यामुळे. मागच्या रविवारी दुसऱ्याची निघाली होती, त्याआधी पहिल्याची. त्या आपोआप निघत नाहीत, बाबा. आणि झोपेतही तुमची बोटं काळीच दिसली.

आई होती तेव्हा मी उगाचच यायचो, गाडी बिघडावी लागायची नाही. ती गेल्यापासून कामाशिवाय फिरकलो नाही. चुकलंच माझं.

वायर घट्ट बसवलीय. आता चौथीला हात लावू नका. रविवारी मी तसाही येतोय.