छपराचा रंग

ता. ९ मार्च

ती. दादास साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझी बोट परतायच्या आत हे पत्र तुला पोचावं. मी बरी आहे. राजवाड्यातलं काम तेच. राणीसाहेब किनाऱ्यावर चित्रं काढतात, मी छत्री धरते, ब्रश धुते, पेल्यातलं पाणी बदलते. त्यांचा समुद्र अजून एका अंगाला उतरता, आणि पक्षी भिरकावलेल्या चपलांसारखे. वा वा करणारे मात्र भरपूर. बाई मनाने वाईट नाहीत, फक्त सरळ रेघ येत नाही.

म्हणून किनाऱ्यावरचं आपलं घर त्यांना चित्रात जमेना. छप्पर दरवेळी वाकडं. शेवटी वैतागून त्यांनी घर गाळूनच किनारा काढला आणि कारभाऱ्यांना दाखवला. सूर्यापेक्षा वाळूच जास्त तापते. कारभाऱ्यांना वाटलं, घर राणीसाहेबांच्या डोळ्यांत खुपतंय.

त्यांनी घर पाडलं, दादा. तेव्हा राणीसाहेब गच्चीत फुलं रंगवत होत्या आणि मी पाणी बदलत होते.

काल पुन्हा किनाऱ्यावर गेलो. "अगं, ते घर कुठं गेलं? आज जमलं असतं मला!" घर माझं, हे त्यांना ठाऊक नाही. कारभाऱ्यांनी मला आधीच दटावलं होतं, "त्यांच्या कानावर घालू नकोस. फार हळवा जीव आहे."

"जुनं होतं, पाडलं," मी म्हटलं.

"छपराचा रंग आठवतो तुला?"

मी सांगितला. गंजका, आणि कोपऱ्यात तू बोटीच्या उरलेल्या रंगाने रंगवलेला निळा पत्रा. छप्पर पहिल्यांदाच सरळ आलं. मग त्यांनी दारात माणूस काढायला घेतला. "तो म्हातारा उभा असायचा की बसलेला?"

"बसलेले असायचे," मी म्हटलं आणि माझा मलाच राग आला.

घर पाडताना आप्पा जाळं आणायला परत आत गेले होते. तुळई आधीच सैल केलेली. मजुरांनी हाका मारल्या म्हणे. आप्पांना ऐकू येत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

चित्र राणीसाहेबांनी मलाच बक्षीस दिलं. मी मान लववून घेतलं. काय करू, सांग.

बोट वळली की तू निळा पत्रा शोधतोस. या वेळी शोधू नकोस, सरळ माझ्याकडे ये.

पत्राच्या शेवटची ओळ नेहमी आप्पांना खुणेने विचारून लिहायचे. आज न विचारता लिहिते.

आप्पांचे आशीर्वाद.

तुझी
धाकटी