गाऱ्हाणं नानानेच घालायचं

बेंगलोर, १२ मार्च २००६

आये, तुझ्या योगिनीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे? अजून माशांची पाटी डोक्यावर घेऊन चालतच बाजारात जातेस ना?

मी विजेवर चालणारी गाडी घेतली. इथले लोक पेट्रोल वाचतं म्हणून घेतात. मी घेतली, कारण शेजारच्या नानाने "गाडयेक माशांचो वास येतलो" म्हणत तुला भर उन्हात पाटीसकट खाली उतरवलं होतं.

मे महिन्यात गाडी ट्रकवर घालून तोंडवलीला आणते. लोडशेडिंगचं बघू काहीतरी.

नव्या गाडीपुढे नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं नानानेच घालायचं. गावचा मानकरी तोच ना. तेव्हा तू पुढच्या सीटवर बस, पाटी मांडीवर घे. बांगडे आदल्या दिवसाचे असू देत.

तुझीच,
योगिनी