वजा आलेली रात्रपाळी

बाबा,

केशोरी गाव सोडून आपण गोंदियाला राईस मिलच्या मागच्या खोलीत राहायला आलो, तेव्हापासून सकाळचा चहा तुम्हीच करायचात. आई उठल्यापासून विड्या वळत बसलेली असायची आणि तुम्ही मिलच्या गेटवरची रात्रपाळी संपवून यायचात, अंगाला भुशाचा वास, डोळे लाल. स्टोव्ह पेटवता पेटवता मला हाक मारायचात, "उठ ना वं, क्लास हाय ना आज?" माझा कम्प्युटरचा क्लास. त्या क्लासला आपल्या वस्तीतून जाणारी मी एकटीच होते. मिलमध्ये नवा कम्प्युटर आला आणि मॅनेजरने त्याच्या कीबोर्डवर चहा सांडला, तेव्हा भंगारात निघालेला तो कीबोर्ड तुम्ही मागून आणलात. त्याची वायर लावायला आपल्याकडे काहीच नव्हतं. तरी मी तो मांडीवर घेऊन बटणं दाबत बसायचे आणि तुम्ही बाजूला चटईवर आडवे व्हायचात. आवाजाने झोपमोड होईल म्हणून मी थांबले, की डोळे न उघडता म्हणायचात, "चालू दे. मले त्या आवाजानं झोप लागते."

त्याच कम्प्युटरवर मिलची हजेरी सुरू झाली. गेटवर एक मशीन बसवलं. आत येताना आपला नंबर दाबायचा, बाहेर जाताना पुन्हा दाबायचा. मिल दिवसाच चालायची, रात्रपाळीला तुम्ही एकटेच. महिना संपला आणि मॅनेजर हसत म्हणाला, "चाचा, आप तो पूरा महीना आए ही नहीं." पहिल्या महिन्यात त्याने हाताने दुरुस्ती केली. दुसऱ्या महिन्यात तो वैतागला. तेव्हा तुम्ही मला ऑफिसात घेऊन गेलात. धुतलेला शर्ट घातला होता तुम्ही. "माही पोरगी कम्प्युटर शिकून राहिली, साहेब. पाहू द्या तिले."

मी पाहिलं, आणि मला ते लगेच कळलं. रात्री दहा म्हणजे कम्प्युटरच्या हिशेबात बावीस. सकाळी सहा म्हणजे सहा. तो बिचारा सहातून बावीस वजा करत होता आणि उत्तर येत होतं वजा सोळा. वजा आलं की माणूस गैरहजर. त्याला फक्त घड्याळ दिलं होतं, तारीख दिलीच नव्हती. मधे एक मध्यरात्र होऊन गेली हे त्याला कुठून कळणार? मी मॅनेजरला म्हटलं, जायची वेळ यायच्या वेळेपेक्षा कमी असली तर तिच्यात चोवीस मिळवायला सांगा, एका ओळीचं काम आहे. "बेटी, सॉफ्टवेअर नागपूर से आया है," तो म्हणाला. "तुम अपना क्लास करो." मी म्हटलं, चूक तुमच्या सॉफ्टवेअरची आहे, माझ्या बाबांची नाही. तुम्ही माझा दंड धरून मला बाहेर आणलंत. गेटपाशी तुम्ही ओरडलात. "कायले त्याइच्या तोंडाले लागतेस? मले काढून टाकलं तं?" त्याआधी तुम्ही माझ्यावर कधी ओरडला नव्हतात.

तुम्हाला काढलं नाही. तुम्हाला दिवसपाळी दिली. गेटवर रात्री एजन्सीचा गार्ड आला, त्याची हजेरी त्या मशीनवर नव्हतीच. तुमच्या हातात दाताळं दिलं आणि वाळवणाच्या पटांगणात उभं केलं, उकडलेलं धान सिमेंटवर पसरायचं आणि सारखं हलवत राहायचं. मे महिना होता. खरं सांगू, पहिल्या महिन्याचा हजेरीचा कागद पाहून तुम्ही किती खूश झाला होतात! "आता माही हाजरी बराबर येते," आईला म्हणालात. पण इतकी वर्षं रात्री जागलेलं शरीर रात्री झोपायला तयार नव्हतं. तुम्ही दारात बसून राहायचात आणि दिवस उजाडला की पटांगणात जायचात.

एका दुपारी तुम्ही सिमेंटवर पडलात. दोघांनी उचलून ऑटोत घातलं. मी सरकारी दवाखान्यात पोचले तेव्हा तुमच्या अंगावर ओले कपडे टाकले होते आणि तुमच्या केसांत धान होतं. मी ते वेचत बसले. डॉक्टर येऊन गेले तरी वेचत होते.

तुम्ही गेल्यावर तुमच्या पुण्यानुमोदनाला मॅनेजर आला होता. वंदना होईपर्यंत हात जोडून मागे उभा होता. जाताना आईला म्हणाला, "भाभी, चाचा की उस दिन की हाज़िरी मैंने पूरी लगवा दी है." त्याला खरंच वाटत होतं की त्याने आपल्यासाठी काहीतरी केलं. आई त्याला हो म्हणाली.

पुढे मी शिकले, नागपूरला नोकरी लागली, आईलाही इकडे आणलं. आमची कंपनी कारखान्यांसाठी हजेरीचीच सॉफ्टवेअर बनवते. मला काम शिकवलं ते आमच्या सरांनी. वयाने मोठे आहेत, कधी आवाज चढवत नाहीत. आई आजारी पडली तेव्हा भर पावसात स्वतःच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं आणि माझ्याबरोबर बाकावर बसून राहिले.

परवा एका नव्या मुलीच्या प्रोग्राममध्ये रात्रपाळी वजा आली. ती रडवेली झाली. तिला धीर द्यायला सर हसून म्हणाले, "अगं, माझ्या पहिल्याच नोकरीत माझंही असंच झालं होतं. गोंदियाची एक राईस मिल होती. त्यांचा चौकीदार महिनाभर गैरहजर!"

मी विचारलं, "मग दुरुस्त केलं का?"

"करणारच होतो. मॅनेजरचा फोन आला होता, कोणाची तरी पोरगी म्हणते चोवीस मिळवा. बरोबर होतं तिचं. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात येतो. तर त्याआधी त्यांचाच फोन, राहू द्या, बुढ्ढ्याला दिवसपाळी देऊन टाकली. फार समंजस क्लायंट होता."

ती मुलगी हसली. बाकीचेही हसले.

म्हणजे मॅनेजरने फोन केला होता, बाबा. माझं वाक्य नागपूरपर्यंत पोचलं होतं, ऐकणाऱ्याला पटलंही होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की आपलं कोणी ऐकलंच नाही. ते तरी बरं होतं. आता कशाला धरून राहू? एक आठवडा कोणीतरी थांबायला हवं होतं, एवढंच, आणि तेवढं थांबण्यापेक्षा तुम्हाला हलवणं सोपं होतं. यात कोणी दुष्टही नाही. दुष्ट कोणी असता तर मी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले असते.

सरांनी माझा चेहरा पाहिला. "काय झालं, बरं नाही का वाटत?" म्हणाले आणि स्वतः उठून पाणी घेऊन आले. सांगावं असं ओठांवर आलं होतं. सांगितलं असतं तर त्या माणसाला पुन्हा झोप लागली नसती, हे मला माहीत आहे. मी पाणी प्यायले आणि कामाला लागले.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुम्हाला लिहिते आहे कारण हे कुठे जाणार नाही. बाबा, दोन दिवस मी खूप प्रयत्न करून पाहिला. मला सरांचा राग येत नाही.