समोरच्या खिडकीची काच

४ फेब्रुवारी
समोरच्या सुमनसोबत काचवाल्याकडे. तिला नक्षीची काच हवी, पसंत तुम्हीच करा म्हणाली. मीही मिरवलं. बाईंना विचारल्याशिवाय हिचं पान हलत नाही! थेंबांची भडक वाटली. बारीक पानांची घे म्हटलं, पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही. देवघराच्या दाराला असेल. विचारलं नाही.

९ फेब्रु.
काच लागली. देवघराला कुठली, स्वयंपाकघराच्या खिडकीला, बरोबर माझ्या खिडकीसमोर. मध्ये चार हात गल्ली. हे गेल्यापासून सहा वर्षं दु. ४ चा चहा आम्ही दोघी या दोन खिडक्यांत उभ्या राहून घेतो. दिवसभरात माझं तेवढंच बोलणं. तिच्या नव्या सुनेला समोरून कोणी बघितलेलं आवडत नाही म्हणे. काच पक्की बसवलीय, उघडायची सोयच नाही. आणि नमुना मीच निवडून दिला. शाबास.

११ फेब्रु.
ती काच बघवेना. माझी जुनी पांढरी साडी दुमडून खिडकीवर टांगून टाकली. चहा बाहेरच्या खोलीत. एका शब्दाने सांगू नये हिने? मुलीचा फोन. मजेत आहे म्हटलं.

१६ फेब्रु.
आज कोणाशीच बोलले नाही. दूधवालापण पिशवी अडकवून गेला. फार एकटं वाटतं. लिहायला लाज कसली.

१९ फेब्रु.
सुमन आली, दराब्याचे लाडू घेऊन. मी तोंड फुगवून. ती खुशीत. म्हणाली, सुनेपुढे माझं काही चाललं नाही, तुम्हाला सांगायची हिंमतच नाही झाली. मग म्हणाली, "पण बाई, तुम्ही रागावल्या नाहीत. रोज चारला उभ्या राहता ना. पांढरी साडी दिसते मला काचेतून. मी कप वर करते, तुम्हाला दिसत असेल नसेल."
दराबा चांगला झालाय, एवढंच म्हणाले. दुसरं काय सांगणार? रडूच आलं नंतर.

२० फेब्रु.
साडी खिडकीवरून काढली. तीच नेसले. दु. ४, कप घेऊन उभी. काचेमागे काहीतरी हिरवं हललं. मी कप वर केला. हिरवं थांबलं, मग गेलं. सुमनच असेल. सुनेचापण एक हिरवा ड्रेस आहे.